प्रशिक्षण सिस्टरला, अधिकार कुणाला?

नर्सेससाठी नेतृत्व प्रशिक्षण हे अलीकडे आपल्याकडे चांगलंच फोफावलं आहे. नवी मुंबईतल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलांत एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, तपासणी जवळ आली, की दोन दिवसांची एखादी कार्यशाळा ठरलेलीच. एसी हॉल, पडद्यावर स्लाइड्स, एरवी कंपन्यांच्या मॅनेजर मंडळींना ट्रेनिंग देणारे कुणी सुटाबुटातले सर, एकमेकींकडे चेंडू फेकण्याचे खेळ आणि शेवटी प्रमाणपत्रं हातात धरून ग्रुप फोटो. फोटोतल्या काही जणी नाइट करून थेट आलेल्या असतात. त्या ओळखू येतात.

मी नर्सिंग शिकवते. त्यामुळे अशा प्रशिक्षणाविरुद्ध लिहिणं म्हणजे स्वतःच्याच अन्नात माती कालवणं. आणि मी विरुद्ध नाहीच. माझं म्हणणं असं आहे की नेतृत्वाच्या प्रशिक्षणाने रुग्णसेवा खरोखर सुधारते, पण ज्या बाईला ते देता तिला वॉर्डात काही ठरवायचा अधिकार असेल तर. तो नसेल, तर उद्या काही विपरीत घडल्यावर तिच्या नावाने दाखवायला एक जास्तीचा कागद तेवढा तयार होतो: बघा, हिला तर ट्रेनिंग दिलं होतं.

सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत आमची शिडी ठरलेली आहे. अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहाय्यक अधिसेविका, मग अधिसेविका. बोलीभाषेत स्टाफ, इन्चार्ज, असिस्टंट मेट्रन, मेट्रन. यातली सगळ्यात मोठी उडी पहिली, स्टाफवरून इन्चार्ज होण्याची. ती सेवाज्येष्ठतेने मिळते, बऱ्याचदा पंधरा-वीस वर्षांनी. ऑर्डर निघते आणि दुसऱ्या दिवशीपासून ती चाळीस खाटांची, आठ-दहा नर्सेसची, मावश्या-मामांची, औषधांच्या कपाटाची आणि ऑक्सिजनच्या साठ्याची मालकीण होते. उत्तम सलाइन लावणारी बाई उत्तम ड्युटी लिस्ट लावेल, असं आपण गृहीत धरतो. कसं लावायचं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. प्रशिक्षणाची खरी गरज या पायरीवर आहे आणि नेमकं इथेच ते सहसा नसतं. मेट्रनला परिषदेला पाठवतात, नवीन मुलींना इंडक्शन देतात, मधली बाई तशीच राहते.

ती इन्चार्ज दिवसभर काय करते, हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयाचा मेडिसिन वॉर्ड घ्या. सकाळी पावणेआठ. नाइटची सिस्टर बेडपासून बेडपर्यंत ओव्हर देत, म्हणजे प्रत्येक रुग्णाची माहिती पुढच्या पाळीला सोपवत, चालली आहे आणि इन्चार्ज तिच्यासोबत अर्ध्या वॉर्डापर्यंतच पोचते, कारण दारात धोबी उभा आहे. काल गेलेल्या चादरी किती, आलेल्या किती, फाटलेल्या किती. दोन कमी भरतात. मग डाएट शीट. मग स्टोअरचं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, त्यात सलाइनसाठी शिरेत घालायचे कॅन्युला मागितले शंभर आणि मंजूर झाले चाळीस, म्हणून शेजारच्या वॉर्डातून उसने आणायला मावशीला पिटाळायचं. सक्शन मशीन बंद आहे, त्याचा तिसरा फोन. एका रुग्णाच्या जनआरोग्य योजनेच्या कागदांत रेशन कार्डाची झेरॉक्स नाही, नातेवाईक हुज्जत घालतायत. दहाला राउंड येतो. सरांना कालचा रिपोर्ट हवा असतो आणि तो लॅबमधून आलेला नसतो, म्हणजे ओरडा हिला. सगळ्यांत वर डेड स्टॉक रजिस्टर. त्यातल्या प्रत्येक स्टूलाची आणि बीपी मशीनची ती जबाबदार. सामान हरवलं तर वसुली आपल्या पगारातून होईल, ही धास्ती बदली होईपर्यंत, कित्येकींना निवृत्तीपर्यंत, सोडत नाही. या सगळ्यात दुपारचा एक वाजतो. वॉर्डातल्या सगळ्यांत अनुभवी नर्सने तोवर एकाही रुग्णाला हात लावलेला नसतो.

ही तक्रार आपल्याच देशातली नाही. इंग्लंडमध्ये मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात रुग्णांची जी आबाळ झाली, तिच्या चौकशीचा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यातल्या शेकडो शिफारशींमध्ये एक अगदी साधी होती: वॉर्ड सिस्टरला कचेरीत अडकवू नका, तिच्यावर रुग्णांचा नेहमीचा वाटा टाकून देखरेखीचं कामही त्यातच उरकायला लावू नका, तिला वॉर्डात फिरू द्या. रुग्णाच्या ताटातलं जेवण तसंच परत गेलं, पडून राहिल्याने कुणाच्या पाठीला जखमेआधीची लाली आली, नवी मुलगी इंजेक्शन भरताना गोंधळली, हे फिरणाऱ्या डोळ्यांनाच दिसतं. आपल्याकडे प्रत्येक वॉर्डाला एक कारकून दिला, तर इन्चार्जच्या नेतृत्वगुणांत जी वाढ होईल ती दहा कार्यशाळांनी होणार नाही. हे मी गमतीने म्हणत नाही.

आता अभ्यास काय सांगतात ते पाहू. कॅनडातल्या कॅरोल वाँग आणि ग्रेटा कमिंग्ज यांनी २००७ मध्ये आणि पुन्हा सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये, परिचारिकांचं नेतृत्व आणि रुग्णांचं बरंवाईट यांच्यातल्या नात्यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. माणसं जोडणारी, ऐकून घेणारी प्रमुख जिथे होती, तिथे औषधांच्या चुका, रुग्णालयात लागणारे संसर्ग आणि मृत्यू कमी असल्याचं त्यांना दिसलं. अमुक केलं म्हणून तमुक झालं, इतकं सरळ मात्र हे नाही. चांगलं रुग्णालयच चांगल्या इन्चार्ज घडवत असेल, असंही असू शकतं. तरीही निष्कर्षाची दिशा माझ्या अनुभवाशी जुळते, आणि ती एका गोष्टीपाशी नेऊन सोडते. ती म्हणजे भीती.

औषधाच्या चुकीचं उदाहरण घेते. नवी मुलगी चुकून एका बेडचं अँटिबायोटिक दुसऱ्या बेडला देते. लगेच सांगितलं तर लक्ष ठेवता येतं, उपाय करता येतो. पण ती सांगेल का, हे तिची इन्चार्ज कशी आहे यावर ठरतं. सगळ्या वॉर्डासमोर, नातेवाइकांच्या देखत झापणारी, लगेच मेमोची भाषा करणारी असेल, तर मुलगी गप्प राहते आणि चार्टवर सही मारून मोकळी होते. आमच्या व्यवसायातलं हे दुखणं आम्ही बाहेर फारसं बोलत नाही. डॉक्टरांकडून ऐकून घेतलेलं ज्युनियरवर काढायचं, सासूने सोसलेलं सुनेकडून वसूल करावं तसं, ही इन्चार्जपणाची जुनी रीत आहे. ती मोडायला प्रशिक्षण उपयोगी पडतं आणि त्यासाठी वरून कुठल्याही अधिकाराची वाट पाहावी लागत नाही. चूक सांगणाऱ्या मुलीला आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणायचं आणि कारण नंतर शोधायचं, हे शिकवता येतं. मी ते शिकवते आणि कित्येक जणींत फरक पडलेला पाहते. एवढ्यापुरतं मी चेंडू फेकणाऱ्या सरांनाही माफ करायला तयार आहे.

पण इथून पुढे प्रशिक्षण एकटं चालत नाही.

रात्री अडीचला एका रुग्णाचा श्वास मिनिटाला २८ झाला आहे, ऑक्सिजन ९० वर आला आहे, नाडी १२०. शुद्धीवर आहे, बोलतो आहे, म्हणून वरवर पाहणाऱ्याला फार काही वाटणार नाही. सिस्टरला मात्र कळलं आहे की हा घसरतोय. ती रेसिडेंटला, म्हणजे ड्युटीवरच्या शिकाऊ निवासी डॉक्टरला, फोन करते. तो छत्तीस तास जागा आहे, "बघतो, ऑक्सिजन वाढवा" म्हणतो. अर्ध्या तासाने पुन्हा फोन, उचलला जात नाही. आता तिच्यापुढे काय आहे? थेट त्याच्या वरच्या डॉक्टरला, लेक्चररला, उठवायचं? तशी पद्धत नाही. उद्या सकाळी रेसिडेंट तोंड फिरवेल आणि सर विचारतील, तुम्ही कोण मला फोन करणाऱ्या? म्हणून ती केसपेपरवर वेळ टाकून लिहिते, डॉक्टर इन्फॉर्म्ड. पुन्हा वेळ टाकून लिहिते, डॉक्टर इन्फॉर्म्ड. ही नोंद सिस्टरला चौकशीतून वाचवते. रुग्णाला वाचवत नाही. अशी रात्र आमच्यातल्या प्रत्येकीने काढलेली आहे.

आता ठामपणे बोलायचं कसं, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण या सिस्टरला द्या. ती जास्त ठाम फोन करेल, इतकंच. तिला हवा आहे तो लेखी नियम. इंग्लंडमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक तक्ता काढला आणि २०१७ मध्ये सुधारला. श्वास, ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, ताप, शुद्ध यांना गुण द्यायचे आणि बेरीज सात किंवा जास्त झाली, की तातडीने अनुभवी डॉक्टरला बोलवायचं. वरच्या रुग्णाचे नुसते श्वास, ऑक्सिजन आणि नाडी मिळून आठ होतात. हा तक्ता छापायला एक कागद लागतो. पण तो चालण्यासाठी डीनच्या सहीचं परिपत्रक लागतं: बेरीज सात किंवा जास्त झाली, की सिस्टर थेट वरिष्ठांना फोन करेल आणि त्याबद्दल तिला कुणीही जाब विचारणार नाही. आपल्याकडे काही ठिकाणी तक्ता भिंतीवर लागला आहे. परिपत्रकाचं मात्र विचारू नका.

जबाबदारी खाली आणि अधिकार वर, या वाटणीची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा कोविड रुग्ण गेले. काही दिवसांतच पोलिसांनी अटक केली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. त्या दिवशी कुणाचं काय चुकलं, यात मी शिरत नाही. तो न्यायालयाचा विषय. पण वायरिंग बदलायचं की नाही, अग्निशमनाचा निधी कधी सोडायचा, अतिदक्षता विभाग कुठल्या खोलीत थाटायचा, यातलं काहीही कुठल्याच परिचारिकेच्या सहीने ठरत नाही. तिची सही हजेरीपटावर असते.

आपल्या दाराशी यायचं तर कळवा. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले, तेव्हा राज्यभर खळबळ उडाली. पाचशे खाटांच्या रुग्णालयावर शहापूर, मुरबाड, भिवंडी, पार पालघरपर्यंतचा भार, त्यात ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल नव्या बांधकामासाठी हलवलेलं. अनेक जण अगदी शेवटच्या अवस्थेत आले, असं प्रशासनाचं म्हणणं होतं. परिचारिकांना प्रशिक्षण असतं तर ते वाचले असते, असं म्हणणं खोटेपणा ठरेल आणि मी ते म्हणत नाही. मला खटकलं ते वेगळंच. त्या आठवड्यात टीव्हीवर मंत्री दिसले, आमदार दिसले, आयुक्त दिसले, डीन दिसले. आज माझ्या वॉर्डात खाटा इतक्या, माणसं इतकी आणि आम्ही दोघी, हे सांगणारी परिसेविका मला कुठे दिसली नाही. सेवा नियमांनी तिला पत्रकारांशी बोलता येत नाही, हे ठीक. पण वॉर्ड भरला, आता पुढचा रुग्ण घेतला तर आधीच्यांना धोका आहे, हे तिने रुग्णालयाच्या आत कुणाला सांगायचं आणि सांगितल्यावर त्याने काय करायचं, याची तरी ठरलेली वाट हवी ना?

इथे माझ्याच मैत्रिणी मला अडवतात. माणसंच नाहीत तिथे नेतृत्व कुणाचं करायचं? आक्षेप रास्त आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीनमागे एक, शिवाय रजेसाठी तीस टक्के जादा. रात्री कुठल्याही सरकारी वॉर्डात डोकावून खाटा आणि सिस्टर मोजा, बाकी मी बोलत नाही. अमेरिकन संशोधक लिंडा एकेन यांच्या चमूने २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांमधल्या तीनशे रुग्णालयांचा अभ्यास मांडला. त्यात एका नर्सवर सरासरी एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यामुळे भरती लांबवायची आणि आहे त्यांनाच नेतृत्वाचे डोस पाजायचे, हा डाव कुणी खेळत असेल तर त्याला संघटनांनी विरोधच केला पाहिजे. २०२२ मध्ये बाह्यस्रोतांमार्फत भरतीच्या विरोधात राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, त्यामागे हीच चीड होती. कंत्राटावर अकरा महिन्यांसाठी आलेली मुलगी कुणाची नेता होणार आणि का?

पण टंचाईतच इन्चार्जचा कस लागतो, हेही खरं. तीन मुली असताना अनुभवी कुणाला गंभीर रुग्णांकडे लावायची, कुणाला दोन नाइटनंतर ऑफ द्यायचाच, आज कुठलं काम सोडून दिलं तरी चालेल, हे निर्णय भरपूर माणसं असणाऱ्या वॉर्डात घ्यावेच लागत नाहीत. कोविडच्या काळात वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात आणि बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये हंगामी रुग्णालयं उभी राहिली. नुकत्याच पास झालेल्या मुलींना पीपीई किट चढवून उभं केलं होतं. माझ्या काही विद्यार्थिनी त्या काळात दोन वर्षांच्या अनुभवावर रात्रपाळीच्या प्रमुख झाल्या. सिलिंडर संपत आला की कुणाला सांगायचं, कुठला रुग्ण आधी पालथा झोपवायचा, घाबरलेल्या सहकारणीला दहा मिनिटं बाहेर कसं पाठवायचं, हे त्या तिथे शिकल्या. त्या वेळी वर फोन केला तर उचलला जायचा, कारण सगळेच घाबरलेले होते. पुढे मुदत संपली, कंत्राटं संपली. त्यातल्या दोघी आज आखातात आहेत, एक इंग्लंडमध्ये.

शिकवलं की मुली परदेशी जातात, म्हणून शिकवण्यात पैसे का घाला, असा हिशेब खासगी व्यवस्थापनं मांडतात. जाणाऱ्या पगारासाठी जातात, आणि वाशीतल्या घरभाड्याकडे पाहिलं तर त्यांना दोष देता येत नाही. पण सगळं पगारावर टाकून मोकळं होता येणार नाही. अमेरिकेत परिचारिकांचा तीव्र तुटवडा असताना काही रुग्णालयांत मात्र त्या टिकून होत्या. अशा ४१ रुग्णालयांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे कारभारात परिचारिकांचं म्हणणं विचारात घेतलं जात होतं आणि नर्सिंगच्या प्रमुखाला व्यवस्थापनात वजन होतं, असं त्यात पुढे आलं. आपल्याकडे मेट्रन बैठकीला असते. बऱ्याचदा उशिरा आलेल्यांसाठी खुर्च्या मागवण्याचं कामही तिच्याकडेच येतं.

अधिकार देता येत नाही, कायदा आड येतो, डॉक्टर ऐकणार नाहीत, ही कारणं मला पटत नाहीत, कारण सरकारने मनात आणलं तेव्हा दिलेला आहे. उपकेंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकारी पाहा. बीएस्सी नर्सिंग झालेली मुलगी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या उपकेंद्राची प्रमुख होऊ शकते, डॉक्टरने सुरू केलेल्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या पुढे चालू ठेवू शकते. तिच्या कामाची व्याख्या कागदावर आहे आणि प्रशिक्षण त्या कामासाठी बेतलेलं आहे. मग ठाणे शहरातल्या वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या परिसेविकेलाच बंद सक्शन मशीन दुरुस्त करून घ्यायला तीन सह्या का लागतात?

माझ्या मते प्रशिक्षण इन्चार्ज होण्याआधी तीन महिने सुरू व्हावं, दुसऱ्या इन्चार्जच्या हाताखाली, वॉर्डातच. ड्युटी लिस्ट लावणं, चुकीची चौकशी करणं, रागावलेल्या नातेवाइकांशी बोलणं, संसर्गाचे आकडे वाचणं, असं नेमकं काम शिकवावं. आणि त्याच वर्गात त्या युनिटचे रेसिडेंट आणि एखादा लेक्चरर बसवावा. फोन कधी करायचा हे एकीला शिकवलं आणि तो उचलायचा असतो हे दुसऱ्याला शिकवलंच नाही, तर खर्च वाया जातो. डॉक्टर नर्सेसबरोबर वर्गात बसायला नाखूश असतात, हे मी पाहिलेलं आहे. त्यासाठीच डीनने स्वतः पहिल्या दिवशी येऊन बसावं. भाषणासाठी नव्हे.

ठाण्याच्या सिव्हिलच्या जागी नऊशे खाटांचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय उभं राहत आहे. त्याचा आकृतिबंध, म्हणजे पदं किती आणि कोणती, हा सध्या महत्त्वाचा कागद. एमआरआयची, मॉड्युलर थिएटरची चर्चा होईल, उद्घाटनाला कोण येणार याची तर होईलच. वॉर्डामागे कारकुनाचं पद त्या आकृतिबंधात आहे का, आणि रात्री वरिष्ठ डॉक्टरला थेट बोलावण्याचा, खाटा संपल्यावर तसं लेखी कळवून पुढची हालचाल मागण्याचा, किरकोळ दुरुस्ती स्वतःच्या सहीने करून घेण्याचा अधिकार परिसेविकेच्या कर्तव्यसूचीत लिहिला आहे का, एवढं ठाण्याच्या आमदारांनी आणि संघटनांनी आत्ताच विचारून घ्यावं. रुग्णालय सुरू झाल्यावर कर्तव्यसूचीत वाढते ती फक्त रजिस्टरांची संख्या.